जनुक बदलत नाही, त्याची नक्कल तुटते

सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं कोलेस्टेरॉलचं इंजेक्शन "जनुकावर काम करतं", असं कळलं की रुग्ण मला हमखास विचारतात, "डॉक्टर, याने आमची जनुकं बदलणार का? मुलाबाळांत उतरेल का?" उत्तर आहे, नाही. पण का नाही, हे तुम्ही समजून घ्यायला हवं.

जनुक म्हणजे प्रथिन बनवण्याची कृती. मूळ वही पेशीच्या केंद्रकात, डीएनएच्या रूपात, जपलेली असते. कामापुरती तिची एक नक्कल बाहेर येते, ती आरएनए. ही नक्कल फाडली तर वही शाबूत राहते, पण पदार्थ बनत नाही. यालाच आरएनए इंटरफेरन्स म्हणतात.

१९९८ साली अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी हे एका सूक्ष्म कृमीत दाखवलं. आम्ही वैद्यकीय कॉलेजात शिकलो तेव्हा यातलं काहीच पुस्तकात नव्हतं. सस्तन प्राण्यांच्या पेशींत मात्र अडचण होती. लांब दुहेरी आरएनए आत गेला की विषाणूच शिरला असं समजून पेशी सगळंच काम थांबवायची. २००१ मध्ये थॉमस टुशल यांच्या गटाने जेमतेम २१ अक्षरांचे तुकडे वापरले. पेशी बिथरली नाही आणि हवं तेवढंच जनुक गप्प झालं. फायर आणि मेलो यांना २००६ चं नोबेल मिळालं. २०१८ मध्ये या तत्त्वावरचं पहिलं औषध, पॅटिसिरान, मंजूर झालं.

तुमचं इंजेक्शन आहे इन्क्लिसिरान. यकृताच्या पेशी रक्तातलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ओढून घेतात. पीसीएसके९ नावाचं प्रथिन त्यांची ही ओढण्याची ताकद कमी करतं. इन्क्लिसिरान त्या प्रथिनाची नक्कल तोडतं आणि एलडीएल साधारण निम्म्याने उतरतं. पहिल्या डोसनंतर तीन महिन्यांनी दुसरा, मग दर सहा महिन्यांनी एक.

वही शाबूत असल्यामुळेच डोस चुकला की परिणाम हळूहळू ओसरतो. म्हणजे हा कायमचा इलाज नव्हे. आणि "इंजेक्शन घेतलं, आता गोळी कशाला?" असं म्हणून स्टॅटिन परस्पर बंद करू नका. हार्ट अटॅक टाळण्याचा अनेक वर्षांचा पुरावा स्टॅटिनमागे आहे. या इंजेक्शनला मंजुरी मिळाली ती एलडीएल कमी होतं म्हणून. गरोदरपणात ते घेऊ नये. तसा विचार असेल तर आधी सांगा.

भीतीपोटी उपचार नाकारू नका, आणि नव्याच्या कौतुकात जुनी गोळी सोडू नका.