कंपासपेटीतला क्रूस

फर्स्ट इयरला वर्कशॉपच्या पहिल्याच प्रॅक्टिकलला सरांनी आम्हा मुलींना लेथपासून चार हात लांब उभं केलं आणि म्हणाले, "चेन, बांगड्या, ओढणी, जे जे लोंबतंय ते काढून ठेवा. जॉब फिरायला लागला की तो कुणाचं ऐकत नाही." मी गळ्यातली चेन काढली. चांदीची, तिला बोटाच्या पेराएवढा क्रूस. माझ्या फर्स्ट कम्युनियनला आजीने केलेली. ठेवायला जागा नव्हती म्हणून कंपासपेटीत टाकली, डिव्हायडर आणि खोडरबराच्या मध्ये.

टर्निंग तीन आठवड्यांत संपलं. चेन तिथेच राहिली, जवळजवळ दीड वर्ष.

यात लेथचा काही दोष नाही हे आधीच सांगते, नाहीतर वर्कशॉपचे सर रागावतील. मला निमित्त हवं होतं, ते सेफ्टी रूलच्या रूपाने मिळालं, एवढंच. (आणखी एक. माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे. ऱ्हस्व-दीर्घ संपादकांनी सुधारलंय, उरलेल्या चुका माझ्या.)

मी श्रीरामपूरकडची. आमच्या भागात हरेगावला सप्टेंबरमध्ये मतमाउलीची यात्रा भरते. तिथे मेणबत्ती लावायला ख्रिस्ती येतात तशा कपाळभर कुंकू लावलेल्या बायकाही येतात, त्याचं कुणालाच काही वाटत नाही. शाळा सिस्टरांची. तिथे देव टाइमटेबलमध्येच होता. असेंब्लीला प्रार्थना, डबा उघडण्याआधी प्रार्थना, महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी मिस्सा. माझ्या वर्गातल्या जोशी-पाटलांच्या मुलींना इंग्लिश हिम्स माझ्यापेक्षा जास्त पाठ होती. घंटा वाजली की उभं राहायचं, हात जोडायचे. श्रद्धा म्हणजे सांभाळावी लागणारी गोष्ट आहे हे मला दहावीपर्यंत माहीतच नव्हतं.

होस्टेलला घंटा एकच, मेसची.

इथे सगळे एकमेकींना गावाच्या नावाने हाक मारतात हे तुम्हाला माहीत आहेच. आमच्या रूममध्ये तिघी: परभणी, मालेगाव आणि मी श्रीरामपूर. माझं आडनाव ऐकून मी ख्रिस्ती आहे हे कुणाला कळत नाही. आमच्याकडची आडनावं आहेत तशीच राहिली. आणि कळत नाही ते सांगायचं कशाला, असं मी ठरवलं होतं. ठरवलं म्हणजे काय, रोज थोडं थोडं ढकललं.

सेकंड सेमला एका रविवारी मेसच्या टेबलवर मोबाइलवर आलेल्या कसल्यातरी फॉरवर्डवरून विषय निघाला. एकजण म्हणाली, "हे सगळे तांदळाच्या पोत्यावर झालेले ख्रिश्चन!" टेबल हसलं. मीही हसले. सगळ्यांच्या आवाजात माझा आवाज बरोबर मिसळेल इतपत.

पोत्याचा हिशेब मला तेव्हाही येत होता. माझे पणजोबा ख्रिस्ती झाले. ते गावकुसाबाहेरचे, आणि ज्यांच्या दारात उभं राहू दिलं जात नव्हतं त्यांच्यापेक्षा ज्याने बाकावर शेजारी बसवलं तो देव त्यांना बरा वाटला असणार. पुढे 1950 च्या आदेशाने अनुसूचित जातींची यादी झाली तेव्हा ख्रिस्ती झालेले दलित तिच्या बाहेर राहिले. 1956 मध्ये शीख आत आले, 1990 मध्ये बौद्ध. आम्ही अजून बाहेरच. म्हणजे आमच्या घरात पोतं आलं असेलच तर ते एकदा आलं, आणि त्याची किंमत चार पिढ्या भरतायत. हे सगळं बोलता आलं असतं. माझ्या ताटात भात होता. मी तो कालवत बसले.

त्या रात्री पेत्राची आठवण झाली. येशूला पकडून नेलं तेव्हा हा त्याचा पट्टशिष्य अंगणात शेकोटीपाशी हात शेकत बसला होता. एका दासीने विचारलं, तू पण त्याच्यातलाच ना? तो म्हणाला, मी नाही त्याला ओळखत. असं तीनदा. मग कोंबडा आरवला आणि तो बाहेर जाऊन रडला. पण पेत्राला निदान विचारलं तरी होतं. मला तर कुणी विचारलंच नव्हतं.

मग आला एम-थ्री. लाप्लास ट्रान्सफॉर्मचं आणि माझं पहिल्या युनिट टेस्टपासून जमलं नाही. पेपरच्या आदल्या रात्री मी देवाशी सौदा केला: पास कर, उपवासकाळात चाळीस दिवस चहा घेत नाही. ज्यांना आपल्या होस्टेलचं डिसेंबर माहीत आहे त्यांना कळेल ही किती मोठी बोली होती. फेब्रुवारी 2025 मध्ये रिझल्ट लागला. एम-थ्रीला 31. मी प्रार्थना बंद केली. वाद घालून नाही, रुसून. रोज रात्री पांघरुणात जी प्रभूची प्रार्थना पुटपुटायचे तीसुद्धा नाही.

आजीला फोनवर सांगितलं. केटी म्हणजे काय ते तिला समजावून सांगायला पाच मिनिटं गेली. मला वाटलं आता प्रवचन ऐकावं लागणार. ती म्हणाली, "बाहत्तरच्या दुष्काळात मी खडी फोडायला जायची. सुकडी खायची अन् रातीला माळ घेऊन बसायची. पण खरं सांगू का बाई, एक दिस पुरी नाय झाली माझ्याच्यानं. निम्म्यातच डोळा लागायचा."

"मग?"

"मग काय. ऱ्हायलेली मरियामायनं म्हटली असंल. तिला काय येत नाय का?"

आणि "जेवलीस का" विचारून तिने फोन ठेवला. मला तेव्हा ते नुसतं गमतीदार वाटलं.

2025 मध्ये रमजानचा पहिला रोजा 2 मार्चला होता आणि आमचा राखेचा बुधवार 5 मार्चला. मालेगावचा अलार्म पहाटे साडेचारला वाजायचा. मेस तेव्हा कुठली उघडी? ती ब्रेड, केळी, खजूर आणि केटलमध्ये उकडलेली अंडी असली सेहरी करायची. (रेक्टर मॅडम, केटल आता घरी पाठवली आहे.) बुधवारी पहाटे मी जागी आहे हे बघून ती म्हणाली, "आजपासून तुमचाही महिना सुरू ना? आमच्या गल्लीत एक सिस्टर होती हॉस्पिटलची, तिच्यामुळे माहितेय. तू चेन का घालत नाहीस गं?"

मी विचारलं, तुला कसं कळलं? तर भिंतीकडे तोंड करून झोपलेली परभणी तशीच बोलली, "कंपासपेटी रोज मी मागून नेते. आंधळी आहे का मी?"

दीड वर्ष मी जे लपवत होते ते रूममधल्या दोघींना पहिल्या महिन्यापासून माहीत होतं. मी सांगत नाही म्हणून त्यांनी विचारलं नाही.

संध्याकाळी मी चर्चला गेले, बसने चाळीस मिनिटं. राखेच्या बुधवारी मिस्सामध्ये मत्तयाचा जो भाग वाचतात त्यात येशू म्हणतो, उपास करताना चेहरा दीनवाणा करून लोकांना दाखवत फिरू नका, तोंड स्वच्छ धुवा. आणि हे वाचून झाल्यावर फादर तुमच्या कपाळाला राख लावतात! मागच्या वर्षीच्या झावळ्या जाळून केलेली. लहानपणापासून मला हे कोडं वाटायचं. त्या दिवशी सोयीचं वाटलं. कॉलेजच्या गेटाशी उतरले, वॉटर कूलरपाशी गेले आणि कपाळ खसखसून धुतलं. पुस्तकात लिहिलंच आहे ना, तोंड धुवा. रूमवर आले तर मालेगाव इफ्तारीचा खजूर हातात घेऊन बसली होती. माझ्या ओल्या केसांकडे पाहिलं, काही बोलली नाही, एक खजूर मला दिला.

आता ज्या रात्रीसाठी हे लिहायला घेतलं त्या रात्रीबद्दल.

मार्चचा तिसरा आठवडा. रात्री पावणेबाराला परभणीला घरून फोन आला. वडिलांना अ‍ॅटॅक आला होता, आयसीयूत होते. शेतकरी माणूस, पन्नाशीसुद्धा नाही. पहिली एसटी पहाटे साडेपाचला. रेक्टर मॅडम वर आल्या, गेट पास लिहून दिला, पहाटे स्टँडवर सोडायला वॉचमनकाकांना सांगितलं. मग साडेपाचपर्यंत करायचं काय? तिची बॅग भरून झाली, परत उपसून परत भरून झाली. कॉटवर बसून ती नुसती फोनकडे बघत होती.

तिचे वडील माळकरी. आषाढीची वारी कधी न चुकवलेले. हरिपाठ तिला लहानपणापासून तोंडपाठ, आंघोळ करताना म्हणायची, आम्हालाही अर्धा पाठ झाला होता. अडीचच्या सुमारास ती म्हणाली, "मला एक ओळ आठवत नाहीये. पहिलीच आठवत नाहीये. तू म्हण ना काहीतरी. तुझं. मोठ्याने."

मी म्हटलं, "मी सध्या म्हणत नाही."

"मग आज म्हण."

मी सुरुवात इंग्लिशमध्ये केली, शाळेत शिकवलेलं तसं. दोन वाक्यांत ते संपलं. असेंब्लीच्या बाहेर ते इंग्लिश चालेचना. मग कुठूनतरी आजीची माळ आली, आजीच्या आवाजात, आजीच्या हेलात. माझ्याकडे जपमाळ नव्हती, बोटं मोजत होते. परभणीने माझ्या खांद्याला डोकं टेकलं होतं. समोरच्या कॉटवर मालेगाव तसबीह घेऊन बसली होती. कुणाला इथे 'अमर अकबर अँथनी' आठवून हसू येत असेल तर हसा, आम्हीही नंतर त्यावरून हसलो. पण त्या रात्री त्या खोलीत फार थंडी वाजत होती, मार्च असूनही.

साडेचारला अलार्म वाजला तेव्हा मी दचकून उठले. मी बसल्या बसल्या झोपले होते. परभणी बुटांच्या लेस बांधत होती.

तिचा फोन सकाळी आठ वाजता आला, बसमधूनच. वडील सातला गेले. ती अर्ध्या वाटेवर होती.

मी केलेल्या प्रार्थनेचं काय झालं याचं माझ्याकडे उत्तर नाही. 31 मार्कांवरून मी देवाशी महिनाभर अबोला धरला होता, त्याची लाज वाटली. पण या वेळी रुसायला जमलं नाही. कुणाशी रुसणार? रात्री तीनला त्या खोलीत आम्ही तिघीच नव्हतो एवढं मला वाटत होतं, आणि सकाळच्या फोननंतरही ते वाटणं गेलं नाही. ते का गेलं नाही हे मला सिद्ध करता येणार नाही. व्हायवाला विचारलंत तर मी नापास.

सिस्टर शाळेत सांगायच्या, साक्ष द्या, श्रद्धा वाटा. मला या शब्दाची भीती वाटते. आजकाल कुणी आजारी माणसाजवळ बसून प्रार्थना केली तरी 'धर्मांतर' हा शब्द लगेच दारात उभा राहतो. आणि खरं सांगायचं तर दुःखात असलेल्या माणसाला गाठून त्याला आपला देव विकणं मलाही पटत नाही. एप्रिलमध्ये लायब्ररीत लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' हातात आली. (कॉन्व्हेंटने आम्हाला वर्डस्वर्थ शिकवला, पण आमच्याच शेजारच्या राहुरीत राहून गेलेल्या या बाईचं नाव मी बारावीनंतर ऐकलं.) नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला 1895 मध्ये, लक्ष्मीबाईंनी 1900 मध्ये. मध्ये पाच वर्षं. एवढा मोठा कवी, एवढं वक्तृत्व, पण घरच्या बाईला ओढून नेता आलं नाही. ती आली ती आपल्या पायांनी, आपल्या वेळेला. मला ते पुस्तक वाचून बरं वाटलं, एवढंच लिहिते.

परभणी तेराव्यानंतर परत आली. गप्प असायची. एकदा कपडे वाळत घालताना आपणहून म्हणाली, "त्या रात्री तू मध्येच झोपलीस."

मी ओशाळून म्हटलं, "सॉरी गं."

"नाही, तसं नाही. तू थांबलीस ना, त्यानंतर मला हरिपाठ आठवला. पुढचा मी म्हटला. गाडीतही म्हटला."

मी तिला आजीची खडी फोडण्याची गोष्ट सांगितली. ती ऐकून क्लिपा लावत राहिली.

18 एप्रिलला गुड फ्रायडे. मी क्रूसाची वाट करून संध्याकाळी आले तेव्हा चेन गळ्यात होती. चांदी काळी पडलेली, हुकाच्या जागी सेफ्टी पिन. मालेगाव आणि परभणी गच्चीवर होत्या. परभणीने विचारलं, आज नक्की काय असतं? मी सांगायला लागले. मालेगाव मध्येच म्हणाली, आमच्यात ईसा सुळावर गेलेच नाहीत. मी म्हटलं, माहितेय. त्यावर तिने वाद घातला नाही, मीही नाही, आणि मी पुढे सांगत राहिले. इतक्या गोष्टी सांगता आल्या असत्या, पण मी पेत्राचीच सांगितली. शेकोटी, दासी, कोंबडा. आणि मग मेसमधल्या त्या रविवारची, तांदळाच्या पोत्याची. तेव्हा परभणी त्याच टेबलवर होती. ती खाली बघत म्हणाली, "हसले होते मी पण."

थोड्या वेळाने तिने विचारलं, "मग त्याचं काय झालं? त्या पेत्राचं?"

"भेटले ना परत. येशू उठल्यावर. पेत्र रात्रभर जाळं टाकून पहाटे किनाऱ्याला आला तर हा तिथे शेकोटी पेटवून मासे भाजत बसलेला."

"रागावला नाही?"

"नाही. म्हणाला, या, खाऊन घ्या."

माळकऱ्याची पोर ती. तोंड वाकडं करून म्हणाली, "मासेच का पण? दुसरं काही नव्हतं का त्याच्याकडे?"

मालेगाव आधी फुटली, मग मी, आणि मग परभणी. परत आल्यापासून पहिल्यांदा. खालून मेसची घंटा झाली तरी आमचं थांबेना.