जमिनीची अडचण

उत्सर्ग म्हणजे सामान्य नियम आणि अपवाद म्हणजे त्याला बाध आणणारा विशेष नियम, असे आम्ही उभयता गेली पंधरा-वीस वर्षे वर्गात सांगत आलो आहोत. पण अपवाद मागायचा कोणी आणि कोणासाठी, हा प्रश्न आम्हांला पडला तो २०२२ च्या जूनमध्ये, अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात, एका काउंटीच्या सभागृहात.

आमच्यापैकी एकाच्या धाकट्या भावाने तेथे तळ्याकाठी १९५० च्या दशकातले एक लाकडी घर घेतले होते. भूखंड ५० फूट रुंद, क्षेत्र ८,००० चौरस फूट. तळ्यांचे काठ सांभाळण्यासाठी त्या राज्याने १९६९ साली कायदा केला. त्याखालील नियमांप्रमाणे अशा तळ्याकाठी, सार्वजनिक मलनिःसारण नसेल तर, भूखंड किमान २०,००० चौरस फुटांचा आणि घर पाण्यापासून ७५ फूट मागे हवे. भावाचे घर ४० फुटांवर होते. कायद्याआधी आखलेला त्याचा तुकडा साहजिकच ‘सबस्टँडर्ड’ ठरला. आपल्याकडच्या नियमावलीत अशा मोकळ्या जागेला ‘सामासिक अंतर’ म्हणतात. वहीला लागतो तसा तळ्यालाही समास लागतो. छपरावरचे, अंगणातले पाणी जमिनीत मुरले नाही, तर त्यासोबत फॉस्फरस तळ्यात उतरतो आणि शेवाळ माजते.

जुने घर पाडून तेवढेच पुन्हा बांधायला हरकत नव्हती. वाढवायचे तर मात्र ‘व्हेरिअन्स’, म्हणजे नियमातून सूट, घ्यावी लागणार होती. भावाला तळमजल्यावर, पाण्याकडे तोंड करून, आईसाठी एक खोली हवी होती. तिचे गुडघे जिना चढू देत नाहीत. त्याने मंडळापुढे हेच सांगितले, आणि चांगले सांगितले.

एक वयस्क सदस्य सौम्यपणे म्हणाले, ‘‘तुमच्या आईची अडचण खरी आहे. पण व्हेरिअन्स जमिनीला मिळतो. मालक बदलला तरी तो राहतो. आम्हांला जमिनीची अडचण सांगा.’’

आई जाईल, खोली राहील, असे ते म्हणाले नव्हते. आम्ही मात्र तेच ऐकले. परतताना गाडीत कोणी बोलले नाही. माणसाच्या दुःखाला केंद्रस्थानी ठेवून साहित्य शिकवणाऱ्यांना हे वाक्य निष्ठुर वाटले.

रात्री भावाने कायद्याचे कागद पुढे ठेवले. २०१० साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने कसोटीचा अर्थ फार कडक लावला होता: अपवादाशिवाय जमिनीचा वाजवी उपयोगच होऊ शकत नाही, असे दाखवावे लागे. २०११ मध्ये विधिमंडळाने ती ‘व्यावहारिक अडचणी’पर्यंत सौम्य केली. तरी अट राहिलीच, की अडचण त्या जमिनीच्या वेगळेपणातून आलेली हवी, मालकाने ओढवून घेतलेली नको, आणि परिसराचे मूळ रूप बदलता कामा नये. नुसते आर्थिक कारणही पुरेसे नाही.

दुसऱ्या सुनावणीत भावाने आईचे नाव काढले नाही. भूखंड अरुंद आहे, रस्त्याच्या बाजूला सेप्टिक टाकी आणि तिचे पाणी मुरवण्याची जागा आहे, म्हणून ७५ फूट मागे सरकता येत नाही, एवढेच तो बोलला. मागणीही त्याने आवरती घेतली होती. वाक्याचा कर्ता बदलला होता. मंडळाने ६० फुटांवर बैठे घर मंजूर केले. काठावर स्थानिक झाडे-गवत वाढू द्यावे, ही अट घातली.

नव्या आराखड्यात आईची खोली रस्त्याकडे गेली. २०२४ च्या उन्हाळ्यात ती तेथे राहिली. भाऊ अजून त्याबद्दल ओशाळतो. ती काठी टेकत रोज संध्याकाळी पाण्यापर्यंत जाई. वाटेतले गवत आता कमरेइतके वाढले आहे.

तो सदस्य चुकला, असे आज आम्ही म्हणणार नाही. ज्या वीस फुटांसाठी घर मागे सरकले, ते त्या तळ्याचे होते. पण भावाला आईचे नाव गाळून बोलावे लागले, याची बोच मात्र आमच्या मनातून गेलेली नाही.