भाव विचारल्याशिवाय कळत नाही

महाराष्ट्रात २००० साली पहिलीपासून इंग्रजी आले. तरी घोकलेली वाक्ये मुलांच्या ओठांवर सहज येईनात. एका शिक्षिकेने वर्गातच दुकान मांडले. दुकानदाराच्या चिठ्ठीवर भाव, गिऱ्हाइकाच्या चिठ्ठीवर केवळ मालाची यादी. एकमेकांची चिठ्ठी पाहावयाची नाही. आता ‘हाऊ मच?’ विचारल्यावाचून गत्यंतर उरले नाही. वर्षभर अबोल राहिलेली कापड व्यापाऱ्याची मुलगी अडखळत बोलली, चुकलीही. शिक्षिकेने मध्येच टोकले नाही. सौदा पुरा होऊ दिला आणि मग तेच वाक्य शुद्ध करून स्वतः उच्चारले. मुलीने ते आपणहून पुन्हा म्हटले. पेढीवर बसणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. बोलण्यास हसले, तर गिऱ्हाईक पुन्हा पायरी चढत नाही. मुलांचेही तसेच असते.