झेड-८० चा बोर्ड

९ जून २०२४, रविवार
ब्रेडबोर्डवरचा संगणक आता छापील बोर्डावर न्यायचा. कीकॅडमध्ये सर्किट काढून झाले. सर्वांत वरची अॅड्रेस लाइन, ए१५, शून्य असेल तर रॉम, एक असेल तर रॅम. दोन्ही ३२ केबी. रीसेट सुटल्यावर झेड-८० पहिली सूचना ०००० या पत्त्यावरून उचलतो, म्हणून खालचा अर्धा भाग रॉमलाच द्यावा लागतो. इंटरप्ट, वेट वगैरे न वापरलेल्या इनपुट पिना १० किलोओहमने ५ व्होल्टला बांधल्या.

११ जून, मंगळवार
झेड-८० च्या डेटा पिनांचा क्रम अजबच. सातव्या पिनपासून डी४, डी३, डी५, डी६. अकराव्यावर ५ व्होल्ट. पुढे डी२, डी७, डी०, डी१. रॅमला नावाप्रमाणे जोडायला गेलो तर ट्रॅक एकमेकांना छेदत सुटतात. पण रॅमला क्रमाशी काय देणेघेणे? बिट ज्या तारेने आत गेला त्याच तारेने बाहेर येणार. डी४ रॅमच्या कुठल्याही डेटा पिनवर उतरवा, प्रोसेसरला फरक कळणारच नाही. रॅमच्या अॅड्रेस लाइनींचेही तेच. रॉमला ही मुभा नाही, कारण त्यातला मजकूर आधीच दुसऱ्या यंत्रावर, ठरल्या क्रमाने भरलेला असतो. संध्याकाळभर रॅमच्या लाइनी अदलाबदल करत बसलो. एकेक व्हाया गळत गेला आणि ट्रॅक शेतातल्या सऱ्यांसारखे सरळ झाले. फार आनंद झाला.

१४ जून, शुक्रवार
सुट्या झेड-८० साठी झायलॉगकडे शेवटची मागणी नोंदवायची मुदत आज संपली. १९७६ची चिप! फेडेरिको फाजिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेली. पासोड्या विठोबाजवळच्या दुकानातून ४० पिनांचे चांगले सॉकेट आणले. अशी चिप बोर्डाला कायमची डकवणे मला पटत नाही.

१६ जून, रविवार
मागची बाजू शक्य तितकी अखंड ग्राउंड ठेवली. वेगवान सिग्नलचा परतीचा प्रवाह ट्रॅकच्या बरोबर खालून वाहू पाहतो. तिथे तांबे चिरलेले असेल तर त्याला वळसा पडतो आणि गोंगाट वाढतो. दिसायला सुबक बोर्डही इथेच फसतात. प्रत्येक चिपच्या पुरवठ्याच्या पिनला अगदी खेटून ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. क्रिस्टल ७.३७२८ मेगाहर्ट्झचा: ६४ ने भागले की नेमके १,१५,२०० येतात, सिरियल पोर्टला हवे तेवढेच.

रात्री मांडणी मूळ मापात कागदावर छापून सॉकेट टोचून पाहिले. सगळ्या पिना बसल्या. सकाळी गर्बर फाइली पाठवतो.