चाराचे पाच

मनावरहून लांब कुठेही निघालं की घाट लागतो. आमचं गाव निमाडात, मान नदीच्या काठी. उत्तरेला विंध्य, दक्षिणेला सातपुडा. इंदूरला जायचं तर धामनोदवरून आग्रा रोडला लागून गणपती घाट चढायचा, आणि माझ्या माहेरी धुळ्याला जायचं तर सेंधव्याच्या पुढे बिजासनचा घाट उतरायचा. त्यामुळे आमच्या घरात गाडीचं बोलणं निघालं की मायलेजच्या आधी गिअरचं निघतं.

गाडी आमची 1998 सालची मारुती 800, सासऱ्यांनी घेतलेली. 796 सीसीचं, तीन सिलिंडरचं इंजिन आणि चार गिअर. 14 डिसेंबर 1983 ला पहिली मारुती गुडगावला रस्त्यावर आली आणि जानेवारी 2014 मध्ये तिचं उत्पादन थांबलं. या तीस वर्षांत तिने किती बायकांना स्टिअरिंगवर बसवलं ते कोणी मोजलेलं नाही, पण माझ्या पिढीतली गाडी चालवणारी कुठलीही बाई विचारा, बहुतेक हिच्यावरच शिकलेली निघेल. 2000 साली कंपनीने याच गाडीला जास्त ताकदीचं इंजिन आणि पाच गिअर दिले. आमची दोन वर्षं आधीची, म्हणून चारवालीच राहिली.

पाचव्या गिअरने होतं काय, हे मला सासूबाईंना समजवायचं होतं. त्यांनी पालिताण्याची यात्रा तीनदा केलेली. म्हटलं, “शत्रुंजय चढताना तुम्ही पावलं कशी टाकता? लहान लहान, जास्त. खाली धर्मशाळेच्या सपाट रस्त्यावर तशीच लहान पावलं भराभर टाकत चाललात तर?” त्या म्हणाल्या, “उगाच दम लागेल की.” तेच. आमची गाडी चौपदरी रस्त्यावर ऐंशीने धावायची तेव्हा चौथ्यात लहान पावलांनी धावत असायची. इंजिन किंचाळायचं, मागे बसलेल्याला पुढच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही. पाचव्या गिअरमध्ये चाकं तितकीच फिरतात, इंजिनाच्या फेऱ्या मात्र कमी होतात. त्याने ताकद वाढत नाही, हे आधीच सांगते, कारण पुष्कळ लोकांचा तो गैरसमज असतो. चढावर पाचवा टाकलात तर गाडी जागच्या जागी कुंथेल.

पण नुसत्या आवाजासाठी मी हा खटाटोप केला नसता. सासूबाईंना दर महिन्याला इंदूरला न्यावं लागतं, डोळ्याच्या पडद्याला इंजेक्शन असतं. परतताना डोळ्यावर पट्टी, त्यामुळे बसचा प्रश्नच नाही. अशाच एका परतीच्या वेळी गणपती घाट उतरताना तिसरा गिअर आपोआप निसटला. दांडा हातावर आपटून न्यूट्रलला आला.

ज्या बायकांनी हा घाट पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. राऊ-खलघाट रस्त्यावरचा हा उतार ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांसाठी बदनाम आहे. उतारावर गाडी गिअरमध्ये असली की इंजिनच तिला मागे ओढून धरतं. ती न्यूट्रलला आली की सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात, आणि तापलेले ब्रेक धरत नाहीत. पेट्रोल वाचेल म्हणून उतारावर न्यूट्रल करणारे शहाणे आपल्या प्रत्येकीच्या घरात एक तरी असतात. त्यांना हे ऐकवा. मी दुसरा टाकला, उरलेला घाट डावा हात दांड्यावर दाबून धरून उतरले, आणि सासूबाईंना काही बोलले नाही. त्यांना एकाच डोळ्याने दिसत होतं, पण सगळं कळलं होतं. घरी आल्यावर म्हणाल्या, “नवकार मोजत होते मी. एकशे आठच्या वर गेले.”

गॅरेजमध्ये दाखवलं तर उत्तर मिळालं, “भाभी, भंगारात द्या.” दीर म्हणाले, नवी घ्या, हप्ते बसतील. हे कापसाच्या हंगामात. यांना मान वर करायला वेळ नाही. मी वहीत हिशेब मांडला. जुना गिअरबॉक्स उघडून आतली चक्रं बदलायची तर मजुरीसकट जो खर्च येत होता, त्यात इंदूरच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात पाच गिअरचा अख्खा संच मिळत होता. संच म्हणजे नुसता डबा नाही. ड्राइव्ह शाफ्ट, दांड्याचे रॉड, माउंटिंग, सगळं एकाच गाडीचं हवं. इकडचं तिकडचं जमवलं की शेवटी एक बोल्ट असा निघतो जो कशातच बसत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीच्या नोंदलेल्या तपशिलाविरुद्ध बदल करू देत नाही, म्हणून नोंदणीपत्र ओळखीच्या वकिलांना दाखवून घेतलं. इंजिन आणि चासीचे नंबर आम्ही हलवणार नव्हतो, आणि गिअरबॉक्स कंपनीने 800 ला दिलेलाच होता.

जुना माल घेताना मी भाजीसारखाच घेतला, हातात धरून. शाफ्ट फिरवून पाहिला, हलवून त्याचा खेळ पाहिला, एकेक गिअर टाकून पाहिला. दुकानदाराला उरलेलं तेल वाटीत काढायला लावलं आणि त्यात फ्रिजवरचं चुंबक फिरवलं. राखाडी, मऊ लेप लागला तर ती वयाची झीज. कण टोचले तर दात तुटलेत. हा राखाडी निघाला. नंतर आमच्या जुन्या डब्याचं तेल काढलं तेव्हा चुंबकावर अक्षरशः कीस आला.

काम पौषात काढलं. चातुर्मास संपलेला, अंगणात जीवजंतू कमी. तरी तेल सोडायच्या आधी सासूबाईंनी गाडीखालची जागा पुंजणीने पुंजून घेतली आणि परात ठेवली, एक थेंब मातीत जाता कामा नये. आपल्याकडे याला जयणा म्हणतात. मला त्या चार दिवसांत वाटत राहिलं की हे सगळं कामच जयणेचं आहे. माझ्या मदतीला बारावीतला पुतण्या, आणि सल्ल्याला गल्लीतले ट्रॅक्टर दुरुस्त करणारे काका. त्यांनी लोखंडी घोड्या दिल्या आणि एकच अट घातली: “बाई, जॅकवरच्या गाडीखाली डोकं घालायचं नाही. जॅक उचलायला असतो, घोडी धरून ठेवायला.” मागच्या चाकांना दगड लावले, मगच पुढचा भाग उचलला.

क्रमाचं महत्त्व इथे फार. चाकाच्या मध्यावरचा मोठा नट गाडी जमिनीवर असताना, ब्रेक दाबून धरूनच सैल करायचा. गाडी उचलल्यावर चाक नुसतं फिरत बसतं. बॅटरीची तार आधी काढायची. आणि तेल सोडण्याचा बोल्ट उघडण्याआधी तेल भरण्याचा बोल्ट उघडतो की नाही ते पाहायचं. तो गंजून बसला असेल आणि खालचं तेल तुम्ही सोडून दिलं असेल, तर मग ते भरणार कुठून? मला हे काकांनी सांगितलं नसतं तरी सुचलं असतं असं वाटतं. लोणच्याच्या बरणीचं झाकण निघतं की नाही हे आपण कैऱ्या चिरायच्या आधीच बघतो.

पुढे क्लचची केबल, स्पीडोमीटरची केबल, मागच्या दिव्याची वायर, स्टार्टर, दांड्याचे रॉड. प्रत्येक ठिकाणचे नट-बोल्ट वेगळ्या वाटीत, वाटीत चिठ्ठी. ओट्यावर सतरा वाट्या झाल्या आणि सासूबाई त्यांच्यावर राखण बसल्या; शेजारचं पोर खेळायला आलं तर त्याला हात लावू दिला नाही. ड्राइव्ह शाफ्ट टॉमीने उचकटून बाहेर आले. गिअरबॉक्स काढला की इंजिनाचा एक आधार जातो, म्हणून वरून आडवा लोखंडी पाइप टाकून साखळीने इंजिन टांगलं. सूर्यास्ताआधी जेवायचं घर आमचं, त्यामुळे पाच वाजता हात धुवायचे म्हणजे धुवायचे. पुतण्या चिडायचा. मला तो नियम त्या दिवसांत सोयीचाच वाटला. अपघात बहुतेक थकलेल्या हातांचे आणि अंधाराचे असतात.

मधल्या एका दुपारी स्थानकातल्या मंडळात कोणी तरी म्हणालं, “एवढा जीव लोखंडात?” त्या बाईंच्या दारात दोन नव्या गाड्या आहेत. मी काही बोलले नाही, पण इथे लिहून ठेवते: अपरिग्रहाचा प्रश्न जुन्या वस्तूच्या मालकालाच का विचारतात, ते मला अजून कळलेलं नाही.

जुना डबा खाली उतरला आणि क्लच समोर आला. एवढं उघडल्यावर जुनी क्लच प्लेट परत बसवणं म्हणजे घर रंगवून फाटका पडदा लावणं. प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि शाफ्टच्या तोंडाचे ऑइल सील नवे घातले. प्लेट अगदी मध्यावर बसवावी लागते, नाही तर नव्या गिअरबॉक्सचा शाफ्ट तिच्या दातांतून आत जात नाही.

मध्यावर बसवूनही तो गेला नाही. ट्रॉली जॅकवर डबा चढवला, सरळ रेषेत आणला, सरकवला, आणि बोटभर फट राहिली. पुतण्या म्हणाला, बोल्ट आवळू या, ओढला जाईल. काकांनी ओट्यावरून ओरडून सांगितलं, “नाही! कान तुटेल डब्याचा.” तास गेला. सासूबाई उठून जवळ आल्या, वाकून त्या फटीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “अगं, जात्याचा वरचा दगड खुंट्यावर बसवताना दाबतात का कधी? जरा फिरव.” मी गिअर टाकून ड्राइव्ह शाफ्टच्या बाजूने आतलं चक्र किंचित फिरवायला सांगितलं. फिरलं, दात दातात आले, आणि डबा स्वतःच्या वजनाने सरकल्यासारखा बसला. काका म्हणाले, “माँजी, उद्यापासून माझ्याकडे या.”

उरलेलं उलट क्रमाने झालं. त्यात सांगण्यासारखं काही नाही. शेवटी वरच्या बोल्टाच्या तोंडाशी येईपर्यंत नवं गिअर ऑइल भरलं. चाकं अधांतरी असतानाच इंजिन चालू करून एकापासून पाचपर्यंत आणि रिव्हर्स टाकून पाहिला. सतरा वाट्या रिकाम्या होत्या.

गंमत अशी की याच धार जिल्ह्यात, पीथमपूरला, गिअरबॉक्सचा मोठा इतिहास आहे. हिंदुस्थान मोटर्सने इसुझूच्या तंत्राची इंजिनं आणि गिअरबॉक्स तिथेच बनवले. त्या इंजिनाबरोबर 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला अँबॅसडरला पाच गिअर मिळाले आणि तिचा दांडा स्टिअरिंगखालून खाली जमिनीवर आला. आता तिथे 11.3 किलोमीटरचा, गाड्या पळवून तपासण्याचा गोल रस्ताही आहे. आमच्या आळीतल्या किती तरी घरांतली मुलं पीथमपूरला कामाला जातात, आणि मुलींना मात्र स्टेपनी बदलायला कोणी शिकवत नाही.

पहिले आठ दिवस मी एकटीच गाडी गावाबाहेर नेत होते. रोज आल्यावर खाली पुठ्ठा सरकवून तेल ठिबकतंय का ते पाहत होते, दुसऱ्या दिवशी नट पुन्हा आवळून पाहत होते. मग रिकामी गाडी घेऊन गणपती घाट चढून उतरले, तिसऱ्यात, दांड्याला हात न लावता. तो निसटला नाही. त्यानंतरच्या महिन्यात सासूबाईंना नेलं. सपाटीवर पाचवा टाकला तेव्हा त्या म्हणाल्या, “बंद पडली काय गं?” पेट्रोल थोडं वाचतं, फार नाही. पण जाताना आता त्यांची सामायिक मला ऐकू येते.

दांड्याच्या मुठीवर अजून जुनाच नकाशा आहे, चार गिअरचा. मूठ सासऱ्यांच्या हाताने झिजलेली, म्हणून बदलली नाही. कोणी गाडी मागायला आलं तर किल्ली देताना सांगावं लागतं की पाचवा आहे, उजवीकडे वर. परवा दीर घेऊन गेले. त्यांना दोनदा सांगितलं.