एका गोधडीचं सामान

या सुट्टीत नातीला गोधडी शिवायला शिकवते आहे. तिची पहिलीच, म्हणून लहान, मामाच्या तान्ह्या बाळाखाली अंथरायला पुरेल एवढी. सामान काढायला घेतलं, तेव्हा घरात काय उरलंय आणि काय संपलंय ते एकेक करून कळत गेलं. त्याची ही यादी.

जुनेर

गोधडीला नवं कापड चालत नाही. ते ताठ असतं, सुईला अडतं, धुतल्यावर आटतं आणि टाके ओढले जातात. लागतं ते जुनेर, म्हणजे वर्षानुवर्षं नेसलेलं, धुऊन धुऊन मऊ पडलेलं सुती लुगडं. ते घाम टिपतं, बाळाच्या अंगाला टोचत नाही. असं कापड विकत मिळत नाही, नेसूनच तयार करावं लागतं. लेकीच्या कपाटात सुती साड्या मोजक्या, त्याही सणावारी नेसायच्या. बाकी सगळं पॉलिस्टर. ते जुनं होतं, पण मऊ पडत नाही. थरांमध्ये घातलं की सरकतं आणि गोधडीला जागोजागी फुगे येतात.

नऊ वार

नऊ वार म्हणजे सत्तावीस फूट. लुगडं लांबीत चौपदरी केलं की पावणेसात फुटांची, मोठ्या माणसाची गोधडी होते. लुगड्याचा पन्हा तीच तिची रुंदी. कात्री लावायचं काम नाही, आणि लुगड्याचे काठ गोधडीचे काठ होतात. सहावारीचे अठरा फूट तिपदरी केले तर सहा फूट. नातीने हा भागाकार वहीत केला नाही, जमिनीवर लुगडं पसरून, घड्या घालून केला. इचलकरंजीत १९०४ साली पहिला यंत्रमाग बसला. पुढे तिथली सुती लुगडी आणि धोतरं गावोगाव गेली. माग अजून आहेत, नऊवारी रोज नेसणाऱ्या बायका फारशा उरल्या नाहीत.

बोचकं

माळ्यावर एक बोचकं असायचं. त्यात सदऱ्याची पाठ, कारण आधी कॉलर विरते, पाठ धड राहते. धोतराचा न फाटलेला भाग, परकराचा घेर, चोळी शिवून उरलेला खणाचा तुकडा. जरीची साडी बोहारणीला देऊन पातेलं घ्यायचं, सुती फाटकं मात्र घरात ठेवायचं. चिंधी जपण्यात कुणाला कमीपणा वाटत नसे. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेले गाडगेबाबा चिंध्यांचं वस्त्र अंगावर घेऊन महाराष्ट्रभर फिरले. लोक त्यांना गोधडे महाराज म्हणत आणि त्यांच्या पाया पडायला धावत. आता माळ्यावर सुटकेसी आहेत.

जमीन

टेबलावर गोधडी होत नाही. सगळे थर एकदम पसरता आले पाहिजेत, चारही कोपरे एका नजरेत दिसले पाहिजेत. पूर्वी सारवलेली पडवी होती. कोपरे धरायला वरवंटा, पाण्याने भरलेला तांब्या, जड पाट ठेवायचा. आम्ही हॉलमधला सोफा भिंतीला लावला. वरवंटा आहे अजून, बऱ्याच दिवसांनी उपयोगी पडला.

सुई, दोरा, अंगुस्तान

सुई लांब आणि मोठ्या नेढ्याची. दोरा जाड सुती. तो मेणावरून ओढून घेतला की गुंतत नाही. दुकानात सहज मिळतात ती मशीनच्या बारीक दोऱ्याची रिळं. सुती दोरा मागितला की दुकानदाराला खालच्या खणात शोधावं लागतं. अंगुस्तान माझ्या आईचं, पितळी. नातीच्या बोटाला सैल होतं म्हणून आत कापडाची पट्टी गुंडाळून बसवलं.

धावदोरा

आधी थर हलू नयेत म्हणून मोठमोठे कच्चे टाके. मग कडेपासून धावदोरा, चौकटीच्या आत चौकट, एका बोटाच्या अंतराने, मध्यापर्यंत. उजव्या हाताने सुई टोचायची, डाव्या हाताचं बोट खाली धरायचं. टोक बोटाला जेमतेम लागलं की सगळे थर धरले गेले. सुईवर तीनचार टाके जमले की दोरा एकदम ओढायचा, पण आवळायचा नाही. नातीचे पहिले टाके तांदळाएवढे, पुढचे चिंचोक्याएवढे. “उसवू का, आजी?” तिने विचारलं. बाळाचं बोट अडकेल एवढा लांब असेल तोच उसव, म्हटलं, बाकीचे राहू देत. शेवटच्या ओळीला हात बसलेला असतो, आणि तो कुठून कुठे आला हे गोधडीवर दिसायला हवं.

कोपरे

उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायका अशाच जुन्या कापडाची कवंदी शिवतात. चारही कोपऱ्यांना त्या घडी घातलेल्या कापडाचे त्रिकोण लावतात. त्यांना त्या फुलं म्हणतात, आणि त्यांच्याविना कवंदी उघडी मानतात. आम्ही आमच्या कोपऱ्यांना खणाचे त्रिकोण लावले. गरजेपुरत्या वस्तूलाही नटवायचंच, हा जुन्या बायकांचा हट्ट होता. नातीला तो सांगावा लागला नाही, रंग तिनेच निवडले.

ओळख

तिने एकेका तुकड्याची चौकशी केली. निळ्या चौकटीचा आजोबांच्या सदऱ्याचा, अंजिरी पणजीच्या लुगड्याचा, पांढरा तिच्या आईच्या शाळेच्या ब्लाउजचा. मग आपला पहिलीतला फ्रॉक तिने आपणहून आणून दिला, मधोमध लावायला. दुकानात मिळणाऱ्या कित्येक गोधड्यांवर ठिगळं छापलेली असतात. त्यांनी थंडी भागते. पण बोट ठेवून ‘हे कुणाचं?’ असं त्यांना विचारता येत नाही.

दुपार

गोधड्या चैत्र-वैशाखात शिवल्या जायच्या, शेतातली कामं थांबलेली असताना. जावा, नणंदा, शेजारणी कडेकडेने बसायच्या. दोरा ओवून द्यायचं काम लहान मुलींचं. मुलींना शिकवायला म्हणून कुणी वेगळं बसत नसे. दोरा ओवता ओवता एखादा कोपरा रिकामा झाला की तिथे बसायचं, आणि शेजारच्या हाताकडे बघत पहिला टाका घालायचा. एवढ्या बायकांना एकाच वेळी मोकळी असणारी दुपार आता कुणाकडे नाही. आम्ही दोघीच बसतो, तिच्या क्लासची वेळ सांभाळून.

धुणं

घटस्थापनेआधी घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं नदीवर जायची. भिजलेली गोधडी एकटीला उचलत नसे. दोघी समोरासमोर उभ्या राहून तिला पीळ घालायच्या, मग तापलेल्या खडकावर पसरायच्या. घरच्या मशीनला मोठी गोधडी पेलत नाही, आणि बाल्कनीतल्या दोरीवर ती दिवसभरात वाळत नाही. कित्येक घरांतून गोधडी हलली ती या अडचणीपायी. धुवायला सोपं ब्लँकेट आलं आणि तिची जागा घेऊन बसलं.

शिल्लक

यादीत गेलेलंच जास्त आहे. पडवी परत येणार नाही, नदीवरचं धुणंही येणार नाही. पण सुई आहे, शोधला तर दोरा मिळतो, आणि टाका माझ्या पिढीच्या हातात अजून शाबूत आहे. गोधडीच्या सामानात पैशाने न मिळणाऱ्या गोष्टी दोनच, नेसून मऊ झालेलं कापड आणि शेजारी बसून दाखवणारा हात. माझ्या वयाच्या बायकांजवळ दोन्ही आहेत. त्यांना एवढंच सांगणं आहे, की कपाटातलं सुती जुनेर फडक्याला फाडू नका. नात असो की नातू, पुढच्या मे महिन्यात सोफा सरकवा आणि त्याला समोरच्या कोपऱ्याला बसवा. पहिली गोधडी दोन फुटांची झाली तरी पुष्कळ आहे.