दोन शब्दांची भर

जवळजवळ तीस वर्षे मी नववीला इतिहास शिकवीत आलो. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचा पाठ तर तोंडपाठ. १७७६ च्या जाहीरनाम्याने सर्व माणसे समान मानली, हे वाक्य मी घोळवून सांगतो. गेल्या वर्षी एक मुलगी उभी राहिली. "सर, आपल्या पुस्तकात 'माणसे' आहे. माझ्या भावाच्या इंग्रजी पुस्तकात 'मेन' आहे. मग त्यात बायका येतात काय?"

"येतात. बस खाली," मी म्हणालो.

घरी आल्यावर ते उत्तर मलाच टोचू लागले. ग्रंथालयातून दोन-तीन पुस्तके आणली, आणि ध्यानात आले की मी चक्क चुकीचे सांगितले होते.

न्यूयॉर्क राज्यातील सेनेका फॉल्स या लहानशा गावी १९ व २० जुलै १८४८ रोजी एका चर्चमध्ये सुमारे तीनशे माणसे जमली. एलिझाबेथ केडी स्टँटनबाईंनी तिथे जो मसुदा वाचला, तो १७७६ च्या जाहीरनाम्याच्या धर्तीवरच बेतलेला होता. मात्र पुरुषांच्या जोडीला त्यात दोन शब्द वाढवले होते – 'आणि स्त्रिया'. मतदानाच्या हक्काची मागणी जमलेल्यांपैकी अनेकांना फारच धाडसाची वाटली. गुलामीतून सुटून आलेले फ्रेडरिक डग्लस तिच्या बाजूने बोलले, तेव्हा ती संमत झाली. ६८ स्त्रिया व ३२ पुरुषांनी सह्या केल्या. दोनच वर्षांनी, १८५० मध्ये, फिलाडेल्फियाला स्त्रियांसाठी वैद्यकीय महाविद्यालय निघाले. आपल्या आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या त्या तिथूनच.

मताचा हक्क मात्र लांबच राहिला. १८७२ मध्ये सुसान अँथनीबाईंनी रोचेस्टरला मतदान केले, म्हणून त्यांना अटक झाली. शंभर डॉलर दंड झाला. तो त्यांनी अखेरपर्यंत भरला नाही. १९०६ मध्ये त्या गेल्या.

शेवटी घटनादुरुस्तीला ३६ राज्यांची संमती हवी होती. ऑगस्ट १९२० मध्ये सारे टेनेसीवर येऊन ठेपले. सभागृहात प्रस्ताव बाजूला ठेवण्यावर ४८ विरुद्ध ४८ अशी मते पडली. हॅरी बर्न हा २४ वर्षांचा सभासद विरोधकांत बसला होता. त्याच्या खिशात आईचे पत्र होते. गावाकडच्या चार गोष्टींसोबत तिने लिहिले होते, बाळ, या बायकांना मदत कर. प्रत्यक्ष मतदानाच्या वेळी तो 'होय' म्हणाला, आणि दुरुस्ती संमत झाली. सेनेका फॉल्सला सही करणाऱ्यांपैकी तेव्हा एकटी शार्लट वुडवर्ड हयात होती. ७२ वर्षांपूर्वी ती हातमोजे शिवणारी तरुण मुलगी होती. आजारपणामुळे तिला मत देता आले नाही म्हणतात. आणि दक्षिणेतल्या अनेक कृष्णवर्णीय स्त्रियांना तर १९६५ च्या कायद्यापर्यंत वाट पाहावी लागली.

दुसऱ्या आठवड्यात मी वर्गात सांगितले, "त्या दिवशीचे माझे उत्तर चुकले होते." मुलगी हसली. मला वाटले, हिशेब संपला.

तो संपला नव्हता. माझी अक्का माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. आई अंथरुणाला खिळली तेव्हा ती सातवीत होती, माझे अजून शाळेत नावही नव्हते. घरात कुणीतरी राहायला हवे, म्हणून तिची शाळा सुटली. पुढे माझ्या शाळेचा डबा तिनेच केला. एम.ए.ची पदवी घेऊन आलो तेव्हा देवापुढे साखर तिनेच ठेवली. आमच्या घरी हा विषय कधी निघाला नाही. मीही काढला नाही.

गेल्या भाऊबीजेला तिच्याकडे गेलो होतो. बोलता बोलता त्या आईच्या पत्राची गोष्ट सांगितली. निरांजनाची वात सारखी करीत ती ऐकत होती. म्हणाली, "लिहायला येत होतं की रे तिला?"

"हो. शिकलेली होती."

"तेच म्हणते मी. म्हणून पत्र गेलं."

तिने मला ओवाळले. मी पाकीट तबकात ठेवले आणि म्हणालो, "अक्का, तुझी शाळा माझ्यामुळे सुटली."

"तुझ्यामुळे नव्हे," ती म्हणाली. "पण कुणी विचारलंही नव्हतं बघ." आणि पानं वाढायला आत गेली.

माझ्या शाळेत आता कोणतीही मुलगी आठ दिवस आली नाही, तर मी स्वतः तिच्या घरी जातो. विचारतो. तेवढेच माझ्या हाती आहे.